तीन टक्क्यांची रेघ

भोसरीच्या आमच्या कारखान्यात येणारी इन्क्वायरी बहुधा एका ओळीची असते. 'अ‍ॅल्युमिनियम मॅग्नेशियम प्लेट, आठ एमएम, समुद्राच्या पाण्यात चालणारी, रेट कळवा.' किंवा 'फिफ्टी फिफ्टीटू (म्हणजे ५०५२) पाहिजे, नसेल तर जवळची कोणतीही चालेल.' पत्रा आणि प्लेट कापून, वाकवून, वेल्ड करून टाक्या, बोटींचे भाग, पॅनेल बॉक्स बनवणं हा कारखान्याचा धंदा. आणि कोणत्या कामाला कोणती ग्रेड लावायची हे ठरवणं माझं काम. मी धातुशास्त्र शिकले तेव्हा ग्रेड निवडणं म्हणजे तक्त्यात बोट ठेवणं असं वाटायचं. इतकी वर्षं हे काम केल्यावर मला खात्रीनं सांगावंसं वाटतं, की तक्ता शेवटी उघडायचा असतो. आधी विचारायचं असतं ते ही वस्तू कुठे राहणार, किती तापणार, कुणाच्या हातात जाणार. 'जवळची कोणतीही' हे शब्द मला अजून अस्वस्थ करतात, कारण अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम मिश्रधातूंच्या या कुटुंबातल्या दोन शेजारी ग्रेड एकाच कामात अगदी उलट वागू शकतात.

मॅग्नेशियम नेमकं काय करतं हे आधी सांगते. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. मॅग्नेशियमचा अणू अ‍ॅल्युमिनियमच्या अणूपेक्षा मोठा. ज्वारीच्या राशीत हरभऱ्याचे दाणे मिसळावेत तसा तो अणूंच्या सरळ ओळी विस्कटतो आणि त्या ओळी एकमेकींवरून सहज घसरू शकत नाहीत. धातू ताकदवान होतो. त्यासाठी त्याला भट्टीत तापवून पाण्यात विझवावं लागत नाही. ताकद येते ती मॅग्नेशियममुळे आणि थंड रोलिंगमुळे. ५००५ या ग्रेडमध्ये मॅग्नेशियम साधारण ०.८ टक्के, ५०५२ मध्ये २.५, ५७५४ मध्ये तीनच्या आसपास आणि ५०८३ मध्ये साडेचार. पूर्ण मऊ केलेल्या ५०५२ चं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो, सुमारे ६५ मेगापास्कल, तर तशाच मऊ ५०८३ चं १२५. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कुणालाही वाटेल, जास्त मॅग्नेशियम म्हणजे जास्त चांगलं. नव्या इंजिनिअरांच्या डोक्यात हेच पक्कं बसलेलं असतं, आणि ते काढायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो.

रोजच्या कामात आमच्याकडे सर्वांत जास्त फिरते ती ५०५२. कंट्रोल पॅनेलचे बॉक्स, मशीनची झाकणं, गाडीची डिझेल टाकी, हवा खेळवणारे डक्ट. प्रेस ब्रेकवर ती आनंदानं वाकते. एकदा एका ग्राहकानं कडक माल हवा म्हणून दुसऱ्या कुटुंबातला ६०६१-टी६ मागितला होता आणि ड्रॉइंगमध्ये अगदी बारीक त्रिज्येचे नव्वद अंशांचे बेंड होते. आमचे फोरमनकाका ड्रॉइंग बघूनच म्हणाले, "मॅडम, हा पत्रा बेंडवर उकलणार. त्यांना फोन लावा." मी फोन लावला. बॉक्सवर भार किती, हे विचारल्यावर कळलं की आत एक हलकं मीटर बसणार आहे, बाकी काही नाही. ५०५२-एच३२ मध्ये काम झालं. काकांनी तक्ता पाहिला नव्हता; त्यांनी वाकवण्याची क्रिया डोळ्यांसमोर आणली होती. ग्रेड निवडण्याचा तो खरा पहिला धडा आहे.

६०६१ ची गोष्ट निघालीच आहे तर वेल्डिंगचंही सांगते. ६०६१-टी६ चं यील्ड २४० मेगापास्कल, वाचायला फार छान. पण ही ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते, आणि वेल्डची उष्णता लागली की जोडाच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात ती जवळजवळ निम्म्यावर येते. वेल्ड केलेल्या वस्तूचा हिशोब त्या पट्ट्यावर करायचा असतो, मधल्या शाबूत प्लेटवर नाही. ५०८३ सुद्धा वेल्डजवळ मऊ होते, पण मऊ होऊन होऊन ती आपल्या मूळ मऊ अवस्थेपर्यंतच येते, आणि तिथेही मॅग्नेशियमनं दिलेले १२५ शिल्लक राहतात. जिथे जागोजागी वेल्ड आहे, तिथे हे कुटुंब म्हणूनच इतकं मोलाचं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला बसले. मॅग्नेशियम साधारण तीन टक्क्यांच्या वर गेलं की हा धातू एक अट घालतो. सामान्य तापमानाला अ‍ॅल्युमिनियमच्या पोटात जेमतेम दोनएक टक्के मॅग्नेशियम नीट मावतं. त्यापेक्षा जास्त असलेलं बाहेर पडायला बघत असतं, पण थंड धातूत अणू हलूच शकत नाहीत म्हणून ते अडकून राहतं. प्लेट ६५ अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ राहिली की ते हळूहळू सरकतं आणि धातूच्या कणांच्या सीमांवर जमा होतं. तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं एक वेगळं संयुग तयार होतं, ज्याला आम्ही बीटा फेज म्हणतो. खारं पाणी लागलं की ही बीटा फेज बाकीच्या धातूच्या आधी विरघळते. सीमा पोखरल्या जातात, आणि ताण असेल तर त्याच वाटेनं तडा चालू लागतो. बाहेरून प्लेट चकचकीत दिसते. जाडी मोजली तर भरते. या प्रकाराला सेन्सिटायझेशन म्हणतात. तापमान जितकं वर, तितकं ते लवकर घडतं. दीडशे अंशांच्या आसपास तर फारच वेगानं.

तीन टक्क्यांच्या खालच्या ग्रेडना हा धोका जवळजवळ नाही. म्हणून माझ्या डोक्यात या कुटुंबाच्या मधोमध एक रेघ ओढलेली आहे. रेघेच्या वर ५०८३, ५०८६, ५४५६: ताकदवान, समुद्राला साजेशा, पण उन्हातान्हाचा हिशोब मागणाऱ्या. रेघेच्या खाली ५०५२, ५४५४: ताकदीनं कमी, पण उष्णतेत निर्धास्त. ५७५४ नेमकी रेघेवर उभी असते. तिला कामाचं तापमान विचारल्याशिवाय कुठेच पाठवू नये.

रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदारानं गरम डांबर वाहून नेणारी टाकी करायला दिली होती. पोलादी टाकी जड. टाकीचं वजन कमी झालं तर तितकंच डांबर जास्त नेता येतं, हा त्यांचा विचार अगदी बरोबर होता. पोलादाची घनता ७.८५, या मिश्रधातूची २.७ च्या आत. त्यांच्या तरुण डिझायनरनं ५०८३ लिहून पाठवली होती, कारण तक्त्यात तीच सगळ्यांत ताकदवान. डांबर टाकीत भरतात ते दीडशे अंशांच्या वर. टाकी रोज तापणार, रोज निवणार, पावसात भिजणार, आणि खालून रस्त्याचे धक्के खाणार. सेन्सिटायझेशनला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

मी त्यांना ५४५४ सुचवली. तिच्यात मॅग्नेशियम २.४ ते ३.० टक्के, म्हणजे रेघेच्या आतच. कमी पडलेली ताकद थोडी मँगॅनीज भरून काढतं. गरम डांबराच्या टाक्यांसाठी जगभर ही ग्रेड वापरली जाते. डिझायनरला पटेना. तो म्हणाला, "मॅडम, यील्ड कमी आहे, प्लेट जाड करावी लागेल, वजन वाढेल. मग अ‍ॅल्युमिनियमचा उपयोग काय?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला प्रेशर व्हेसलच्या एएसएमई कोडमधला ताणाचा तक्ता उघडून दाखवला. तिथे ५०८३ चे आकडे ६५ अंशांपाशी थांबतात. पुढच्या रकान्यांत काही नाही. ५४५४ चे आकडे २०४ अंशांपर्यंत जातात. तो बराच वेळ त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत राहिला. ज्या तापमानाला आकडाच छापलेला नाही, तिथे खोलीच्या तापमानाची ताकद कितीही असली तरी ती आपली नसते. जाडी थोडी वाढली, वजनाचा फायदा थोडा कमी झाला, तरी पोलादापेक्षा टाकी बरीच हलकी झाली.

टाकीचं काम तिथे संपलं नाही, कारण जोडात वितळवून भरायची वायर ठरवायची राहिली होती. शॉपमध्ये मिग वेल्डिंगच्या मशीनवर बहुतेक वेळा ५३५६ ची वायर चढलेली असते. तिच्यात मॅग्नेशियम पाच टक्के. प्लेट ५४५४ ची घेतली आणि जोड ५३५६ नं भरला, तर टाकीच्या प्रत्येक शिवणीत आपण हातानं तोच धोका भरून ठेवला. अशा गरम कामाला ५५५४ ची वायर लागते. ती सहज मिळत नाही, मागवावी लागते. परचेसकडून विचारणा आली, की वायरीसाठी काम थांबवायचं का. मी थांबवलं. वेल्डरला नुसतं 'ही वायर वापर' म्हटलं असतं तरी त्यानं वापरली असती, पण मी त्याला कारण सांगितलं. नंतर दुसऱ्या एका गरम कामाच्या वेळी त्यानंच येऊन विचारलं, "मॅडम, ही पण गरम टाकी आहे ना? वायर बदलायची का?" त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुठल्याही मोठ्या ऑर्डरनं झाला नसता.

वायरीबद्दल आणखी एक. ५०५२ ला जोडताना वायरीत मॅग्नेशियम जास्तच हवं असतं, कारण एक ते अडीच टक्क्यांच्या पट्ट्यात वितळलेला जोड थिजताना तडकण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून साध्या कामाला ५३५६ बरोबर. आणि ५०८३ वर सिलिकॉनवाली ४०४३ वायर कधीही नको. तिच्यातलं सिलिकॉन प्लेटमधल्या मॅग्नेशियमशी मिळून जोड ठिसूळ करतं. ४०४३ चा जोड दिसायला सुंदर, गुळगुळीत, म्हणून नव्या वेल्डरला ती आवडते.

समुद्राच्या कामात रेघेच्या वर जावंच लागतं. कोकणातल्या एका यार्डासाठी कामाच्या बोटीची प्लेट कापून द्यायची होती. ड्रॉइंगवर ५०८३-एच११६. बाजारात एका ठिकाणी ५०८३ तयार पडलेली होती, भाव कमी, सर्टिफिकेटवर रसायन बरोबर, ताकद बरोबर. फक्त ती सर्वसाधारण वापराच्या मानकाची, एएसटीएम बी२०९ ची होती. समुद्री वापराच्या बी९२८ ची नव्हती. यार्डाच्या मालकांना, म्हणजे ज्यांना सगळे काका म्हणत त्यांना, मी हा फरक समजावला. दोन प्लेटचं रसायन सारखं, ताकद सारखी, तरी एक समुद्रात टिकेल आणि दुसरी सोलत जाईल असं होऊ शकतं. कारण मिलमध्ये शेवटी प्लेट किती तापली, किती सावकाश निवली, त्यावर बीटा फेज सीमांवर आधीच बसली आहे की नाही हे ठरतं, आणि रसायनाच्या रकान्यात ते दिसत नाही.

ते बघायला वेगळी चाचणी आहे, जी६७. नमुना ३० अंशांच्या तीव्र नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये २४ तास ठेवायचा आणि घटलेलं वजन मोजायचं. दर चौरस सेंटिमीटरला १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी घट असेल तर माल चांगला. २५ च्या वर असेल तर सीमा पोखरल्या जाणार हे नक्की. मधल्या आकड्यांना सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. बी९२८ च्या प्लेटला अशा कसोट्या पार करून यावं लागतं. या शतकाच्या सुरुवातीला परदेशात ५०८३ च्या बोटींना तडे गेल्यावर हे मानक आलं. त्यामागे लोकांचं नुकसान आहे. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझी पोरं या बोटीवर जाणार. सर्टिफिकेटवाली येऊ दे, थांबतो मी." मीठ लागलेल्या हवेत वाढलेल्या माणसाला गंज काय असतो ते जास्त समजावावं लागलं नाही.

त्यांना मी आणखी एक विनंती केली होती: डेकला गडद रंग देऊ नका. चांगली प्लेट यार्डात आली म्हणजे सेन्सिटायझेशनचा विषय मिटत नाही. उन्हात वर्षानुवर्षं तापणाऱ्या डेकवर ते हळूहळू घडतच राहतं. अमेरिकी नौदलाच्या टिकॉन्डरोगा वर्गाच्या क्रूझर जहाजांचं उदाहरण सगळ्या धातुतज्ज्ञांना माहीत आहे. पहिलं जहाज १९८३ मध्ये सेवेत आलं. वरचा सगळा भाग ५४५६ चा, म्हणजे मॅग्नेशियम पाच टक्क्यांच्या आसपास. पुढे त्या भागाला तडे जात राहिले आणि त्यांच्या दुरुस्तीवर नौदलाला प्रचंड खर्च करावा लागला. प्लेट कमजोर नव्हती. ऊन, मीठ आणि ताण तिघं मिळून तिच्यावर वर्षानुवर्षं काम करत होते. ज्या नौदलाकडे जगातलं उत्तम ज्ञान आहे, त्यालाही ही रेघ इतकी महाग पडली. मग आपण ती किती जपायला हवी!

थंडीच्या कामात मात्र हाच ५०८३ राजा आहे. साधं पोलाद खूप थंड झालं की एकाएकी ठिसूळ होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या अणूंची मांडणीच अशी, की ते तसं होत नाही. उलट थंडीत त्याची ताकद वाढते आणि चिवटपणाही राहतो. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना वाहून नेणाऱ्या जहाजांवर जे प्रचंड गोल घुमट दिसतात, त्या टाक्या ५०८३ च्या असतात. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियम आणि अतिथंडी यांचं नातं गावागावांत दिसतं. पशुवैद्यकाच्या मोटरसायकलला बांधलेलं द्रव नायट्रोजनचं भांडं अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि त्याच्या आत उणे १९६ अंश. अशी भांडी नाशिकला इंडियन ऑइलच्या कारखान्यात बनतात. वाफ सोडणारं ते भांडं रस्त्यात दिसलं की मी आजही वळून बघते.

काही कामांत प्रश्न ताकदीचा नसतोच. इमारतीच्या दर्शनी भागाला अ‍ॅनोडाइज केलेला पत्रा लागतो, तेव्हा ५००५ घ्यावी. तिच्यावर थर स्वच्छ आणि सारखा येतो. ५०८३ मधल्या मँगॅनीजमुळे तोच थर राखाडी दिसतो. चाकणला मोटारींच्या भागांचं काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. मऊ ५७५४ किंवा ५१८२ प्रेसमध्ये ओढली की पत्र्यावर लाटांसारख्या रेषा उमटतात आणि त्या रंगाखालूनही दिसतात. म्हणून या ग्रेड दरवाजाच्या आतल्या बाजूला चालतात. बाहेरच्या बाजूला ६००० च्या मालिकेतली घेतात, जी रंगाच्या ओव्हनमध्ये तापून उलट कडक होते. शीतपेयाच्या डब्यात तर दोन मिश्रधातू असतात: ओढलेला डबा मँगॅनीजवाल्या ३१०४ चा, आणि वरचं झाकण ५१८२ चं, कारण चावी ओढताना झाकणाला ताकद लागते.

ओतकामाचंही थोडं सांगायला हवं. एलएम५ या ओतीव ग्रेडमध्ये मॅग्नेशियम तीन ते सहा टक्के. दुग्धप्रक्रियेच्या आणि समुद्री उपकरणांच्या भागांना ती छान टिकते, पॉलिश सुंदर घेते. पण वितळवताना मॅग्नेशियम हवेत जळतं, मळी खूप येते, आणि ओल्या वाळूच्या साच्यातल्या पाण्याशी धातूची झटापट होते. म्हणून जाणते ओतारी वाळूत बोरिक अ‍ॅसिड मिसळतात. सिलिकॉनवाली एलएम६ साच्यात पाण्यासारखी धावते, एलएम५ तशी धावत नाही. पातळ भिंतींचा भाग असेल तर आधी फाउंड्रीत जाऊन ओतणाऱ्या माणसाशी बोलावं, मग ड्रॉइंगवर ग्रेड लिहावी.

आणि ग्रेड अचूक निवडली तरी गोदामात ती बदलू शकते. दोन पांढऱ्या प्लेट नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. तपासायची हातातली गन असते, पण मॅग्नेशियम इतकं हलकं मूलद्रव्य आहे की जुन्या गनना ते दिसतच नाही. गन 'अ‍ॅल्युमिनियम' म्हणते आणि आपण निर्धास्त होतो. खात्री हवी तर ठिणगीवर चालणाऱ्या स्पेक्ट्रोवर नमुना लावावा. आमच्याकडे प्लेट कापली की उरलेल्या तुकड्यावर हीट नंबर आधी लिहिला जातो, मगच तो रॅकला जातो. आणि पावसाळ्यात थप्पीच्या मध्ये पाणी शिरलं की पत्र्यावर पांढरे डाग पडतात. म्हणून थप्पी उभी, कोरडी, हवा खेळती ठेवायची. ही कामं कुणाला छोटी वाटतील. मला ती ग्रेड निवडण्याचाच भाग वाटतात.

दरवर्षी कॉलेजातून नवी मुलं आमच्याकडे येतात. त्यांना मी सांगते, की भार आणि ताकद हा प्रश्न सोपा आहे, तो संगणकही सोडवतो. वस्तू किती तापेल, किती वेळ तापेल, कोणत्या पाण्यात राहील, किती वेल्ड होईल, किती वाकेल, वीस वर्षांनी तिच्याखाली कोण उभं असेल, हे मात्र माणसानं माणसाला विचारावं लागतं. डांबराच्या कंत्राटदाराला, बोटीच्या काकांना, ओतणाऱ्याला, वेल्डरला. त्यांच्याकडे उत्तरं असतात. ती ड्रॉइंगवर येत नाहीत, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आता आमच्या इन्क्वायरीच्या फॉर्मवर ग्रेडचा रकाना सर्वांत शेवटी आहे. पहिला रकाना आहे 'कामाचं कमाल तापमान', दुसरा 'कशाच्या संपर्कात', तिसरा 'वेल्ड कुठे कुठे'. पहिला रकाना रिकामा असेल तर आमच्याकडून कोटेशन जात नाही, फोन जातो. कधी ग्राहक वैतागतो, कधी एखादं काम दुसरीकडे निघून जातं. तरीही हा नियम मी बदलणार नाही, आणि माझ्यानंतर या खुर्चीवर बसणाऱ्यानंही तो बदलू नये, एवढंच माझं मागणं आहे.